बासने गाणं वाजवू नये का?

ठाण्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय 46, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरी. वडील लग्नाच्या बँडमध्ये बास, म्हणजे ट्यूबा, वाजवायचे. ते गेल्यावर त्यांचा तीन व्हॉल्व्हचा (म्हणजे सूर बदलायला तीन कळा असलेला), ई फ्लॅट या मूळ सुराचा बास यांच्याकडे आला आणि लग्नसराईत त्याच बँडबरोबर हेही जाऊ लागले. 15 वर्षांची मुलगी फ्लूट शिकते आणि सध्या परीक्षेची तयारी करते आहे. एका रात्री ती झोपल्यावर यांनी तिची नोटेशनची वही उघडली आणि बेडरूमचं दार लावून त्यातलं एक गाणं बासवर हळू वाजवून पाहिलं. तेव्हापासून रोज रात्री हेच चाललं आहे.

त्यांनी लिहिलंय: “बँडमास्तर म्हणतात, बासने बासचं काम करावं, गाणं वाजवायला ट्रम्पेट आहेत. शेजारी हसतात. मित्रही हसतात आणि म्हणतात, युफोनियम (बासपेक्षा लहान, वरच्या आवाजाचं पितळी वाद्य) घेऊन टाक. मुलगी म्हणाली, बाबा, माझी गाणी नको ना वाजवूस. खालच्या सुरावर छातीत काहीतरी हलतं, पण गाणं खाली वाजवलं की सगळं गढूळ ऐकू येतं आणि वर जायला बघितलं तर दहा मिनिटांत ओठ उतरतात. 26 जानेवारीला सोसायटीत पूजा असते, संध्याकाळी कार्यक्रम असतो. तिथे दोन गाणी वाजवायचं मनात आहे. ताई, वरच्या वाद्यांसाठी लिहिलेलं बासवर वाजवणं हा वेडेपणा आहे का? का मी वडिलांच्या वाद्याला भलतंच काम लावतोय?”

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना “वरच्या वाद्यांसाठी लिहिलेलं” या शब्दांपाशी थांबले, कारण तुमची सगळी घालमेल तिथूनच सुरू झाली आहे. गाणं जिथे लिहिलं आहे ती त्याची खरी जागा, आणि तुम्ही त्याला तिथून खाली ओढताय, असं तुम्ही धरून चालला आहात.

गणपतीतली तुमच्या सोसायटीची आरती आठवा. बायका एका सप्तकात म्हणत असतात, पुरुष आपोआप एक सप्तक खाली, आणि शाळकरी पोरं बायकांच्याही वर किंचाळत असतात. चाल एकच असते. ‘पुरुषांनी आरती चुकीच्या जागी म्हटली’ असं कोणी म्हटल्याचं तुम्ही ऐकलंय का? तुमची लेक लहान असताना तिचं बालगीत तुम्ही म्हणालाच असाल. तेव्हाही तुम्ही तिच्यापेक्षा एक सप्तक खाली होतात आणि तिला ते तिचंच गाणं वाटत होतं.

आपल्याकडे पेटीवाला गायकाला पहिला प्रश्न विचारतो तो पट्टीचा. काळी एक का काळी चार? तीच बंदिश, तेच नाट्यपद, बाई वेगळ्या पट्टीत गाते आणि बुवा वेगळ्या. सा कुठे ठेवायचा हे गळ्यावर ठरतं, आणि ते ठरल्याशिवाय कोणी सुरुवातच करत नाही. तुमच्या वाद्यालाही गळा आहे असं समजा. तुम्ही त्याला आजवर पट्टी विचारलेली नाही. फ्लूटच्या वहीत जे समोर दिसलं ते एकदा खाली आणि एकदा वर वाजवून पाहिलंत, दोन्हीकडे बिनसलं, आणि आता तुम्हाला वाटतंय की बेतच चुकला.

आणि खालच्या सुरांना आपल्याकडे कमी लेखत नाहीत हेही लक्षात असू द्या. पहाटे उठून खर्ज भरणारे गायक अजून आहेत. मंद्र सप्तकात रेंगाळणारी आलापी ऐकायला लोक रात्र रात्र बसतात. सुरबहार हे वाद्यच सतारीच्या खालच्या अंगाचा आवाज मिळावा म्हणून आहे, आणि त्यावर रागाचा गाभा वाजतो. खालचा आवाज म्हणजे फक्त धम धम, ही समजूत मिरवणुकीतली आहे.

वाद्याच्या इतिहासानेही तुमचीच बाजू घेतली आहे. ट्यूबाचं पेटंट बर्लिनमध्ये 1835 साली निघालं, बँडमास्तर वीप्रेख्त आणि वाद्य बनवणारा मोरिट्झ या दोघांच्या नावावर. बाख हा थोर जर्मन संगीतकार 1750 सालीच गेला होता. म्हणजे ज्या संगीतावर पाश्चात्त्य वादकांचे हात आणि कान तयार होतात, त्यातलं बरंचसं लिहिलं गेलं तेव्हा हे वाद्यच नव्हतं. ट्यूबा पुढे ठेवून लिहिलेला आणि आज जगभर वाजवला जाणारा व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराचा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीची रचना) आला 1954 साली. तोवर, आणि त्यानंतरही, ट्यूबावाल्यांनी उसनं घेऊनच भागवलं. बाखचे चेलोसाठीचे सुइट्स ट्यूबाचे विद्यार्थी वाजवतात, त्याची एकट्या फ्लूटसाठी लिहिलेली ए मायनर पार्टिटासुद्धा वाजवतात. बोर्दोन्यी नावाच्या गायनशिक्षकाने गायकांसाठी लिहिलेले स्वरपाठ आज ट्रॉम्बोन आणि ट्यूबा शिकणाऱ्यांच्या रोजच्या रियाजात असतात. आर्बानचं 1864 सालचं कॉर्नेटचं (ट्रम्पेटसारख्या लहान वाद्याचं) पुस्तक तर पितळी वाद्यं वाजवणाऱ्या सगळ्यांचंच झालं आहे. तेव्हा लेकीची वही उघडून तुम्ही काही भलतं केलेलं नाही. हे वाद्य वाजवणारी माणसं पहिल्यापासून तेच करत आली आहेत.

आता गढूळपणाकडे येते. तुमचं दुखणं खरं आहे, पण एकट्या बासला दोष देऊ नका. त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात असं मला वाटतं.

पहिली म्हणजे तुमची खोली. तुम्ही रात्री, दार लावून, बेडरूममध्ये वाजवता. ती दहा बाय दहाची आहे असं धरू. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. तुमच्या कागदावर जो मधला ‘जी’ हा सूर असतो तो ई फ्लॅट बासवर प्रत्यक्षात बी फ्लॅट ऐकू येतो (का ते पुढे सांगते), सेकंदाला सुमारे 116 कंपनं, आणि हवेतल्या त्याच्या लाटेची लांबीही तीन मीटरच्या आसपासच भरते. लाट आणि खोली अशी जुळली की तो सूर भिंतींमध्ये घुमत राहतो आणि पुढच्या सुरांवर सांडतो. त्याच्या खालच्या सप्तकातला जी तसाच घुमतो. बाकीचे सूर तितके घुमत नाहीत, त्यामुळे दोन सूर फुगलेले आणि बाकीचे बसलेले असं ऐकू येतं. फ्लूटच्या सुरुवातीच्या वह्यांमध्ये जी मेजरची, म्हणजे जी हा सा धरलेली, गाणी भरपूर असतात, म्हणजे नेमका तुमचा सा खोलीत घुमणार. एका रविवारी सकाळी गच्चीवर जा, फोन पंधरा-वीस पावलांवर ठेवा आणि तेच गाणं रेकॉर्ड करून घरी येऊन ऐका. मी वाशीत माझ्या शिकवण्यातल्या प्रत्येक बासवाल्या मुलाला पहिल्या महिन्यात हे करायला लावते. आपला आवाज इतका स्वच्छ आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. बासचं तोंड वर असतं आणि वाजवणाऱ्याचा कान त्या तोंडाच्या अगदी बगलेत असतो, त्यामुळे समोरच्याला काय ऐकू येतं हे त्याला कधीच कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. फ्लूटवरचा वरचा जी सेकंदाला 784 वेळा कंप पावतो. जलद लयीतला एक छोटा सूर सेकंदाचा आठवा भाग टिकतो असं धरलं, तर त्यात फ्लूटला शंभराच्या आसपास कंपनं मिळतात. तोच सूर तुम्ही वाजवता तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा मिळतात, आणि त्यातली पहिली काही सूर जमण्यातच जातात. कानाला सूर ओळखायलाही थोडा अवधी लागतो. म्हणून फ्लूटवर चमकणारी धावती जागा तुमच्याकडे पोचते तेव्हा तिचा लगदा झालेला असतो. ती जागा सरावाने थोडी सुधारेल, पूर्ण नाही. इथे मन घट्ट करून गाणी निवडावी लागतात. ज्या गाण्याचा जीव त्याच्या चालीत आहे ते खाली येऊनही जगतं, कधीकधी जास्त गहिरं होतं. ज्याचा जीव फक्त चमकीत आहे, मुरक्या आणि धावत्या तुकड्यांत, ते खाली आणू नये. मधल्या गाण्यांत मी मुरक्या सरळ काढून टाकते, लय थोडी उतरवते आणि जीभ हलकी ठेवते. बँडमध्ये तुमची जीभ प्रत्येक ठोक्याला जोरात लागते, कारण तिथे ते हवंच असतं. गाण्यासाठी ती ‘त’ वरून ‘द’ वर आणा. हा एवढा बदल पहिल्याच आठवड्यात कानाला कळेल.

तिसरी गोष्ट मी स्वतः भोगलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या सभागृहात मी व्हायोलिनसाठी लिहिलेली एक संथ चाल ट्यूबावर वाजवली. साथीला पियानो होता आणि साथ जशी छापली होती तशीच आम्ही वाजवली. घरी तासन् तास घोटलेलं गाणं तिथे चिखलासारखं ऐकू आलं. मला वाटलं माझंच चुकलं, आणि पुढे कितीतरी दिवस मी ती चाल काढली नाही. खरं कारण मला फार उशिरा कळलं. व्हायोलिन साथीच्या वर असतं. मी मात्र चाल घेऊन साथीच्या खाली गेले होते. कानाला सवय असते की सगळ्यात खालचा सूर म्हणजे पाया. मी चालीतला गंधार लांब धरला की ऐकणाऱ्याला तोच पाया वाटायचा आणि वरची सगळी कॉर्ड, म्हणजे साथीचे एकत्र वाजणारे सूर, वाकडी व्हायची. त्यात पियानोचा डावा हात माझ्याच सप्तकात जवळजवळचे सूर दाबत होता. सा आणि गंधार मधल्या सप्तकात एकत्र गोड लागतात, तेच दोन सप्तकं खाली आणले की एकमेकांत घरघरतात. पुढे एका विद्यार्थिनीने ती चाल वाजवली तेव्हा आम्ही पियानोचा डावा हात जवळजवळ रिकामा ठेवला, उजवा हात एक सप्तक वर नेला आणि कॉर्डमधले सूर कमी केले. चाल अलगद मोकळी झाली.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. 26 जानेवारीला साथीला कीबोर्डवाला असेल तर त्याला आधीच सांगा, डाव्या हाताने बास वाजवू नकोस, बास मी आहे. पेटी असेल तर मधल्या आणि वरच्या सप्तकात सा-प धरायला सांगा, भरगच्च कॉर्ड नकोत. रियाजाला नुसता तानपुरा लावा, फोनवरचा चालेल. आपल्याकडची एकसुरी साथ या कामाला पियानोपेक्षा बरी, कारण ती चालीशी भांडत नाही.

आता पट्टी. तुम्ही बँडमध्ये ट्रेबल क्लेफ, म्हणजे वरच्या वाद्यांच्या लिपीत लिहिलेलं, वाचता, त्यामुळे कागदावरचा सी वाजवला की ई फ्लॅट निघतो. यामुळे घोटाळा होतो असं तुम्हाला वाटत असेल, पण एकट्याने वाजवताना हाच तुमचा फायदा आहे. फ्लूटची वही तुम्ही तुमच्या बोटांनी जशीच्या तशी वाचलीत तर जी मेजरचं गाणं आपोआप बी फ्लॅट मेजरमध्ये येतं, आणि ती तुमच्या वाद्याची आवडती पट्टी आहे. फक्त जे सूर पाच रेघांच्या वर तरंगत असतात ते एक सप्तक खाली वाचा. फ्लूटची चाल बराच वेळ त्या वरच्या मजल्यावर असते, तिथे तुम्ही गेलात की ओठ उतरणारच. वर वर जाताना पितळी वाद्याचे नैसर्गिक सूर, म्हणजे व्हॉल्व्ह न बदलता नुसत्या ओठांनी निघणारे, एकमेकांच्या जवळ येत जातात. तुमच्या कागदावरच्या वरच्या सीपाशी ते जेमतेम एकेका पूर्ण सुराच्या अंतरावर असतात, त्यामुळे ओठ किंचित हलला तरी शेजारचा सूर वाजतो. तूर्त रेघांच्या लगेच वरच्या जीच्या पलीकडे जाऊ नका. दहा मिनिटं वाजवलं की दहा मिनिटं वाद्य खाली ठेवा. वरचा आवाज हळूहळू तयार होतो, आणि थकलेल्या ओठांनी केलेला रियाज त्याला मागे नेतो.

एक बारीकशी गोष्ट, पण तीन व्हॉल्व्हच्या बासवर ती टाळता येत नाही. खालचा डी पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह दाबून येतो आणि तो चढा लागतो. जी मेजरच्या गाण्यात तो खालचा पंचम आहे, म्हणजे वारंवार येणार. मिरवणुकीत कोणाला कळत नाही, तानपुऱ्यासमोर लगेच टोचतो. तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी थोडी बाहेर ओढून ठेवा आणि तानपुऱ्याच्या पंचमाशी तो डी मिळेपर्यंत ती मागेपुढे करा. वडिलांच्या वाद्याची ती नळी बरीच वर्षं हलवलेली नसेल तर जोर लावू नका, दुरुस्तीवाल्याकडून मोकळी करून घ्या.

श्वासाच्या बाबतीत मात्र तुम्ही नकळत योग्य वही उचलली आहे. व्हायोलिनच्या गाण्याला श्वास लागत नाही, गज चालू असतो, त्यामुळे लिहिणाऱ्याने थांबायला जागा ठेवलेली असेलच असं नाही. फ्लूटचं तसं नसतं. फ्लूट आणि ट्यूबा दिसायला दोन टोकं असली तरी हवेच्या खर्चात शेजारी आहेत. फ्लूटवाल्याची हवा ओठाखालच्या छिद्रावरून वाया जाते, ट्यूबावाल्याची त्या रुंद नळीत ओतावी लागते, आणि दोघांचीही वाक्याच्या मध्येच संपते. शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदात 1944 ते 1988 ट्यूबा वाजवणारे अर्नल्ड जेकब्ज यांच्याकडे म्हणूनच इतर वाद्यांचे लोकही श्वास शिकायला जात. ते स्नायूंवर फार बोलत नसत. डोक्यात गाणं चालू ठेव आणि हवा सोड, असा त्यांचा भर होता. लेकीच्या वहीत पेन्सिलीने छोटे स्वल्पविराम काढलेले दिसतील. ते तिच्या शिक्षकांनी काढून दिलेले श्वास आहेत. ते सगळे घ्या आणि त्यांच्या मध्ये आणखी एकेक घाला, कारण तुम्हाला जवळपास दुप्पट लागतील. तालाच्या रेघेवर श्वास घेऊ नका. चाल आधी तोंडाने म्हणा, ओवी म्हणताना आपण जिथे थबकतो तशी जागा सापडेल, तिथे घ्या. लांब सुराच्या शेवटून थोडा काटलेला चालतो, शब्द तुटलेला चालत नाही.

26 जानेवारीसाठी माझं मत विचाराल तर दोन्ही गाणी फ्लूटच्या वहीतली नकोत. एक वहीतलं संथ गाणं घ्या, आणि दुसरं सगळ्यांना पाठ असलेलं एखादं मराठी भावगीत घ्या, बाईच्या आवाजात ऐकलेलं. तेच आधी वाजवा. ओळखीचं गाणं सुरू झालं की ऐकणारा मनात शब्द म्हणू लागतो आणि त्याचा कान तुमच्या सुरांतला उरलासुरला गढूळपणा स्वतःच निवळून घेतो. अनोळखी चालीला ही मदत मिळत नाही. कार्यक्रम स्टिल्टच्या पार्किंगमध्ये असेल तर सिमेंटचं छत डोक्यावर असेल, त्याखाली आवाज आपोआप भरतो, माइक घेऊच नका. मैदानात असेल तर माइक बासच्या तोंडात घालू देऊ नका, दोन-तीन फूट वर धरायला लावा आणि साउंडवाल्याला बासचं बटण कमी करायला सांगा. सवयीने तो ते वाढवूनच ठेवतो, आणि मग तुमच्याऐवजी त्याचे स्पीकरच वाजतात.

बँडमास्तरांवर रागावू नका. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. वरातीत बासने जागा सोडली की पुढच्या ट्रम्पेटच्या पायाखालची जमीन जाते, नाचणाऱ्यांचा पाय चुकतो. वडिलांनी आयुष्यभर जे धरून ठेवलं ते हेच, आणि ते काम छोटं नाही. बँडमध्ये असताना तेच करा, मनापासून. तुम्ही विचारलंत, वडिलांच्या वाद्याला भलतं काम लावतोय का. घरी मोकळ्या वेळात वडील काय वाजवायचे ते आठवून बघा, नाहीतर बँडमधल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा. मी जितके जुने बासवाले पाहिले, ते वाद्य पुसून ठेवण्याआधी हमखास एखादं गाणं हळूच वाजवून घ्यायचे.

युफोनियमचा सल्लाही टाकाऊ नाही. आपल्या बँडमध्ये युफोनियम गाणंच वाजवतं. त्याची नळी साधारण नऊ फुटांची, तुमच्या बासची तेरा, म्हणून ते तुमच्यापेक्षा एका पंचमाने वर आहे. ट्रेबल वाचत असाल तर बोटंही तीच. मोठमोठे वादकही गरज पडली तर वाद्य बदलतात. मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराने चित्रांवरून पियानोसाठी केलेल्या रचनेचं रावेल या फ्रेंच संगीतकाराने 1922 साली वाद्यवृंदासाठी रूपांतर केलं, त्यात बैलगाडीच्या चित्राची चाल ट्यूबाला दिली आहे. पण ती रावेलच्या डोळ्यांपुढे असलेल्या छोट्या फ्रेंच ट्यूबासाठी आहे आणि इतकी वर जाते की आज कित्येक ट्यूबावादक तेवढ्यापुरतं युफोनियम हातात घेतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तरीही लगेच पैसे घालू नका. बँडमधलं युफोनियम एका आठवड्यासाठी मागून घ्या. त्याचा माउथपीस लहान असतो, पहिले दोन दिवस ओठ चाचपडतील, ते धरू नका. त्या आठवड्यात दोन्ही वाद्यं खोलीत ठेवा. शेवटच्या दिवशी कामावरून आल्यावर हात ज्याच्याकडे जाईल ते तुमचं. तुमच्या पत्रावरून मला वाटतं हात बासकडेच जाईल. तुम्ही लिहिलंय की खालच्या सुरावर छातीत काहीतरी हलतं. युफोनियम फार सुंदर वाद्य आहे, पण ते तुम्हाला तिथे हलवणार नाही.

आता लेक. तिचं वाक्य तुम्ही शेजाऱ्यांच्या आणि मित्रांच्या हसण्याच्या रांगेत बसवलं आहे. मला तसं वाटत नाही. पंधरा वर्षांची मुलगी परीक्षेसाठी जे गाणं घोटते आहे ते तिला अजून येत नसतं, रोज कुठेतरी अडत असतं. तेच गाणं भिंतीपलीकडून बाबांच्या हातून, तिला न विचारता, ऐकू येणं हे तिला जड जात असेल. वही तिची आहे आणि तुम्ही ती तिच्या झोपेत उघडता. परीक्षेची गाणी सोडून द्या, परीक्षा होईपर्यंत त्यांना हात लावू नका. आणि हे तिला सांगा, नुसतं बंद करू नका. मग तिला विचारा, या वहीतलं कुठलं गाणं मी वाजवलेलं तुला चालेल?

ती हो म्हणाली तर तिच्याबरोबर वाजवता येईल, आणि तिथे तुमच्या कागदावरची गंमत उपयोगी पडेल. तुम्ही जी मेजर वाचाल, तिला तेच गाणं बी फ्लॅट मेजरमध्ये लिहून द्या, म्हणजे प्रत्येक सूर दीड स्वराने वर. दोन फ्लॅट येतील, तिला ते जमतात. तिच्या वरच्या ‘ई’चा ‘जी’ होईल, तोही फ्लूटला अवघड नाही. मग दोघांचा सा एक. तुमच्या दोघांत दोन ते तीन सप्तकांचं अंतर राहील, पण घाबरू नका, त्या मोकळ्या जागेमुळेच दोघंही वेगळे ऐकू येतात. पहिल्या आठ ओळी तिला एकटीला वाजवू द्या, तुम्ही फक्त खालचा सा धरा, अगदी हलका. मग चाल तुम्ही घ्या आणि तिला वर लांब सूर धरू द्या. श्वास मात्र एकत्र बसून ठरवा, पेन्सिल तिच्या हातात ठेवा. तुम्हाला कुठे कमी पडतो हे तिला आधी कळेल, कारण तिचाही तिथेच कमी पडत असतो.